पेट्या वाढल्या, जागा संपली: टूल केसेससाठी चाकांचं कपाट विकत घ्यावं की बनवून घ्यावं?

ड्रिल मशीन घेतलं की सोबत एक प्लास्टिकची पेटी येते. ग्राइंडर घेतला की दुसरी, जिगसॉ घेतला की तिसरी. राउटर, सँडर, रोटरी हॅमर असं करत करत वर्ष-दोन वर्षांत गाळ्याच्या कोपऱ्यात पेट्यांची उतरंड उभी राहते. आणि नियम असा आहे की हवं असलेलं मशीन कायम सगळ्यात खालच्या पेटीत असतं.

मग काय होतं? वरच्या चार पेट्या उतरवा, पाचवी काढा, चार परत चढवा. दिवसातून आठ-दहा वेळा हे केलं की कंबर बोलायला लागते. पेटी परत ठेवण्याचा कंटाळा येतो, मशीन टेबलावरच पडून राहतं, त्यावर भुसा साचतो आणि हळूहळू पेटी एकीकडे, मशीन दुसरीकडे अशी अवस्था होते.

यावर जगभरातल्या वर्कशॉपमध्ये वापरला जाणारा उपाय म्हणजे चाकांचं कपाट. प्रत्येक पेटीला स्वतःचा सरकता ट्रे. ट्रे बाहेर ओढायचा, पेटीचं झाकण उघडायचं, मशीन घ्यायचं, ट्रे आत ढकलायचा. पेटी उचलायचीच नाही. काम दुसरीकडे असेल तर अख्खं कपाट ढकलत न्यायचं.

दिसायला साधी गोष्ट आहे. पण माप चुकलं तर झाकण उघडत नाही, चाक चुकलं तर कपाट हलत नाही आणि वजनाचं गणित चुकलं तर भरलेलं कपाट अंगावर येऊ शकतं. म्हणूनच विकत घेण्याआधी किंवा सुताराला ऑर्डर देण्याआधी काही गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

एकसारख्या पेट्यांची कल्पना आली कुठून?

आपल्याकडे मशीनसोबत येणाऱ्या बहुतेक पेट्या ब्लो मोल्डेड असतात. म्हणजे त्या एका ठरावीक मशीनच्या आकाराच्या साच्यात बनवलेल्या असतात. एकीचा आकार दुसरीशी जुळत नाही, त्यामुळे एकावर एक नीट बसतही नाहीत.

जर्मनीत या प्रश्नावर १९९३ साली एक उत्तर आलं. टानोस या कंपनीने सिस्टेनर नावाची पेटी बाजारात आणली. फेस्टूल या कंपनीची मशीन्स याच पेट्यांमधून येतात. कल्पना अशी होती की पेटीची लांबी-रुंदी कायम तीच ठेवायची, फक्त उंची बदलायची. पेटीचं माप साधारण ३९६ बाय २९६ मिलिमीटर. उंची मात्र १०५, १५७.५, २१०, ३१५ अशी वाढत जायची.

हे माप मुद्दाम निवडल्यासारखं आहे. युरोपात मालवाहतुकीसाठी वापरलं जाणारं पॅलेट १२०० बाय ८०० मिलिमीटरचं असतं. त्यावर ४०० बाय ३०० च्या बरोबर ८ पेट्या एका थरात बसतात, मध्ये जागा वाया जात नाही. २०१० साली या पेटीला समोरून एकच फिरवायची कडी आली. ती एका बाजूला फिरवली की पेट्या एकमेकींना जोडल्या जातात, दुसऱ्या बाजूला फिरवली की झाकण उघडतं.

नंतर इतरांनीही आपापल्या पेट्या आणल्या. सोर्टिमो या जर्मन कंपनीची एल-बॉक्स बॉशच्या मशीन्ससोबत मिळते, तिचं माप सुमारे ४४२ बाय ३५७ मिलिमीटर आहे. मकिताच्या मॅकपॅकचं माप सिस्टेनरच्या जवळपास तेच आहे. मिलवॉकीने २०१७ मध्ये पॅकआउट आणली, तिच्यात खालच्या पेटीलाच मोठी चाकं असतात.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. सगळ्या पेट्या एकाच मापाच्या असतील तर कपाट बनवणं सोपं जातं. माप वेगवेगळं असेल तर कपाट सगळ्यात मोठ्या पेटीच्या मापाने बनवावं लागतं आणि लहान पेट्यांच्या बाजूला जागा वाया जाते.

आधी ठरवा, पर्याय कोणता?

ढोबळमानाने चार पर्याय आहेत.

पहिला, तयार लोखंडी टूल ट्रॉली. गॅरेजमध्ये दिसते ती, सहा-सात खणांची, पावडर कोटिंग केलेली, एका किल्लीने सगळे खण बंद होणारी. पाने, सॉकेट, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड अशी सुटी हत्यारं असतील तर हीच उत्तम. तेल-ग्रीसने ती खराब होत नाही, पुसली की झालं. पण तिचे खण उथळ असतात. ड्रिलची पेटी त्यात मावत नाही.

दुसरा, चाकांवर एकात एक अडकणाऱ्या पेट्या. ज्यांचं काम साइटवर चालतं त्या इलेक्ट्रिशियन, प्लंबर, मॉड्युलर किचन बसवणाऱ्यांसाठी हा पर्याय. टेम्पोत चढवा, लिफ्टमध्ये घाला, निघा. अडचण एकच, खालच्या पेटीसाठी वरच्या उतरवाव्याच लागतात.

तिसरा, स्लॉटेड अँगलचा रॅक आणि खाली चाकं. सगळ्यात झटपट होणारं काम. पण उंच आणि अरुंद रॅकला चाकं लावणं धोक्याचं आहे. ते का, हे पुढे येईलच.

चौथा, प्लायवूडचं सरकत्या ट्रेचं कपाट. एकाच जागी काम चालतं आणि मशीन्स पेट्यांमध्ये आहेत, त्यांना हाच पर्याय सगळ्यात सोयीचा पडतो. या मापाचं तयार कपाट मिळणं कठीण असतं, म्हणून ते बहुतेक वेळा बनवूनच घ्यावं लागतं.

मापाचं गणित: आतून बाहेर

कपाट बनवताना होणारी नेहमीची चूक म्हणजे बाहेरचं माप आधी ठरवणं. "दोन फूट रुंद करून टाक" असं सांगितलं जातं आणि मग आतल्या गोष्टी बसवताना ओढाताण होते. खरं तर पेटीपासून सुरुवात करून बाहेर यायचं असतं.

३९६ मिलिमीटर रुंदीच्या पेटीचं उदाहरण घेऊ.

पेटी सहज आत-बाहेर व्हावी म्हणून दोन्ही बाजूंना ३-३ मिलिमीटर मोकळं सोडलं, तर ट्रेची आतली रुंदी झाली ४०२. ट्रेच्या दोन कडा १२ मिलिमीटर प्लायच्या, म्हणजे ट्रेची बाहेरची रुंदी ४२६.

आता टेलिस्कोपिक चॅनेल. बॉल बेअरिंगच्या नेहमीच्या चॅनेलला प्रत्येक बाजूला अर्धा इंच, म्हणजे सुमारे १३ मिलिमीटर जागा लागते. दोन्ही बाजूंचे मिळून २६. कपाटाची आतली रुंदी झाली ४५२. दोन्ही बाजूंच्या १८ मिलिमीटरच्या फळ्या धरल्या की बाहेरची रुंदी ४८८.

यातला ४५२ हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. तो दोन मिलिमीटरने कमी झाला तर ट्रे अडकतो, जोर लावला की चॅनेल वाकतो. थोडा जास्त झाला तर चॅनेलच्या मागे लॅमिनेटचा तुकडा घालून भरून काढता येतो. त्यामुळे शंका असेल तेव्हा आतली रुंदी किंचित जास्त ठेवलेली बरी.

उंचीचं गणितही असंच. बहुतेकांना कपाटाचा वरचा भाग टेबलासारखा वापरायचा असतो, म्हणून एकूण उंची ८८० धरू. १०० मिलिमीटरच्या चाकाची प्लेटसकट उंची साधारण १३०. वरची आणि खालची फळी मिळून ३६. उरले ७१४. प्रत्येक पेटीमागे ट्रेची फळी १२ आणि वर मोकळी जागा २०, असे ३२ धरायचे. चार पेट्यांचे १२८. म्हणजे पेट्यांच्या वाट्याला आले ५८६. त्यात १०५ च्या दोन, १५७.५ ची एक आणि २१० ची एक, अशा चार पेट्या बसतात. बेरीज ५७७.५.

झाकण उघडतंय ना?

चॅनेल घेताना दुकानात एक प्रश्न विचारायलाच हवा: पूर्ण बाहेर येतो की पाऊण?

पाऊण येणारा चॅनेल स्वस्त असतो. कपड्यांच्या खणाला तो चालतो, कारण मागच्या कोपऱ्यात हात घालता येतो. पेटीचं तसं नाही. पेटीच्या झाकणाची बिजागरी मागच्या बाजूला असते. ३०० मिलिमीटरचा चॅनेल पाऊणच बाहेर आला तर पेटीचा मागचा सत्तरेक मिलिमीटर भाग कपाटातच राहतो आणि झाकण वरच्या ट्रेला आपटतं. मग पेटी उचलूनच काढावी लागते आणि कपाट बनवण्याचा सगळा हेतूच संपतो. त्यामुळे चॅनेल पूर्ण बाहेर येणाराच हवा.

वजनाची क्षमताही पाहायची. ४५ मिलिमीटर रुंदीचे चांगले चॅनेल साधारण ३५ ते ४५ किलो जोडीला पेलतात. हा आकडा मापानुसार आणि कंपनीनुसार बदलतो, म्हणून पाकिटावर वाचूनच घ्यावा.

बसवताना सोपी युक्ती अशी की दोन्ही बाजूंना टेप लावून मोजत बसायचं नाही. ठरलेल्या उंचीचा प्लायचा एक तुकडा कापायचा, तो तळाच्या फळीवर उभा करायचा आणि त्याच्या डोक्यावर चॅनेल टेकवून स्क्रू मारायचे. तोच तुकडा दुसऱ्या बाजूला. दोन्ही चॅनेल आपोआप एका पातळीत येतात.

चाकं: भाग तीनने, चारने नाही

समजा कपाटाचं वजन २५ किलो, चार पेट्या प्रत्येकी १० किलोच्या म्हणजे ४० किलो आणि वर ठेवलेलं सामान २५ किलो. एकूण ९०. चार चाकं आहेत, म्हणजे प्रत्येकावर साडेबावीस किलो?

कागदावर हो. पण गाळ्याची फरशी कधीच पूर्ण सपाट नसते. एखादं चाक किंचित हवेत राहतं आणि भार तिघांवर येतो. म्हणून ९० ला तीनने भागायचं. उत्तर येतं ३०. शिवाय उंबरठा ओलांडताना किंवा फटीत चाक आपटताना बसणारा धक्का वेगळा. त्यामुळे इथे प्रत्येकी ५० ते ६० किलो क्षमतेची चाकं घेणं शहाणपणाचं.

व्यासही तितकाच महत्त्वाचा. ५० मिलिमीटरची चाकं घरातल्या टाइल्सवर चालतात. वर्कशॉपमध्ये जमिनीवर स्क्रू, खिळे, लाकडाचे तुकडे पडलेले असतात. छोटं चाक त्यांना अडून जागच्या जागी थांबतं, कपाटाचा वरचा भाग मात्र पुढे जात राहतो. ७५ ते १०० मिलिमीटरचं चाक तोच अडथळा सहज ओलांडतं.

चाकाचं साहित्य पाहायचं तर नायलॉन कडक आणि मजबूत, पण आवाज करतं. साधं रबर शांत असतं, पण महिनोन्महिने एकाच जागी भार घेऊन उभं राहिलं की खालून चपटं होतं. पॉलियुरेथेन, ज्याला दुकानात पीयू म्हणतात, ते दोन्हींच्या मध्ये बसतं.

ब्रेक किमान दोन चाकांना हवाच, तोही समोरच्या. फक्त चाक अडवणारा ब्रेक असेल तर कपाट जागेवर डुलत राहतं. चाक आणि त्याचं फिरणं दोन्ही अडवणारा ब्रेक मिळाला तर तो घ्यावा.

कपाट अंगावर का येतं?

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण इथे प्रश्न पैशांचा राहत नाही.

२०१६ मध्ये आयकिया या कंपनीने अमेरिकेत खणांची सुमारे २ कोटी ९० लाख कपाटं परत बोलावली होती. अशी कपाटं अंगावर पडून लहान मुलांचे मृत्यू झाले होते. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये तिथे याबद्दल कायदाच झाला. तो कपड्यांच्या कपाटांसाठी आहे, टूल कॅबिनेटसाठी नाही. पण दोन्हीकडे विज्ञान एकच आहे. शिवाय कपड्यांच्या कपाटात कपडे असतात, इथे लोखंड असतं.

हे सी-सॉसारखं समजून घेता येतं. समोरची दोन चाकं जिथे जमिनीला टेकतात, ती सी-सॉची मधली आडवी दांडी. तिच्या मागचं वजन कपाटाला उभं धरतं, पुढचं वजन ते पुढे ओढतं. किती जोराने, ते वजन गुणिले अंतर यावरून ठरतं.

वरचंच कपाट घेऊ. ते ४०० मिलिमीटर खोल आहे आणि समोरची चाकं दर्शनी भागापासून ४० मिलिमीटर आत आहेत. रिकाम्या कपाटाचं २५ किलो वजन चाकांच्या रेषेपासून १६० मिलिमीटर मागे आहे. २५ गुणिले १६०, म्हणजे ४०००. बंद असलेली १० किलोची पेटी साधारण १२० मिलिमीटर मागे असते, तिचे १२००. तीच पेटी ३०० मिलिमीटर बाहेर ओढली की ती रेषेच्या १८० मिलिमीटर पुढे जाते. आता ती उलट्या बाजूने १८०० चा जोर लावते.

एक ट्रे उघडला: मागे ७६००, पुढे १८००. काही काळजी नाही.

दोन उघडले: मागे ६४००, पुढे ३६००. उभं राहील, पण ट्रेच्या पुढच्या टोकावर आठ-नऊ किलोचा दाब पडला की पुढे झुकेल. एक हात टेकवून वाकलं तरी इतका दाब सहज पडतो.

तीन उघडले: मागे ५२००, पुढे ५४००. कपाट पडलं.

हा हिशोब ट्रे आणि चॅनेलचं वजन सोडून आहे. तेही पुढे सरकतं, त्यामुळे प्रत्यक्षातली परिस्थिती याहून थोडी वाईटच असते.

उपाय कठीण नाहीत. समोरची चाकं ४० मिलिमीटर पुढे आणून ती थेट दर्शनी भागाच्या रेषेत टेकतील अशी बसवली, तर तीन ट्रे उघडल्यावर मागे ६६०० आणि पुढे ४२०० असा हिशोब येतो. फक्त चाकांची जागा बदलली आणि पडणारं कपाट उभं राहिलं. फिरणारी चाकं वळल्यावर टेकण्याची जागा थोडी मागे-पुढे होते, हे मात्र लक्षात ठेवायचं.

दुसरा उपाय, तळाला मागच्या बाजूला वजन. फळीवर मागे १० किलोच्या विटा किंवा पेव्हर ब्लॉक घट्ट बसवले की मागच्या पारड्यात ३४०० ची भर पडते.

तिसरा, एका वेळी एकच खण उघडू देणारं लॉक. चांगल्या तयार ट्रॉल्यांमध्ये ते असतं. विकत घेताना दुकानात दोन खण एकदम ओढून पाहिले की लगेच कळतं.

आणि चौथा, फुकटचा उपाय. जड पेट्या खाली, हलक्या वर. ट्रे उघडताना यामुळे फारसा फरक पडत नाही, पण कपाट ढकलताना चाक अडलं किंवा उतार लागला तर वर जड असलेलं कपाट आधी कोसळतं. उंच, अरुंद रॅकला चाकं लावू नयेत ते याचसाठी. आणि ढकलण्याआधी सगळे ट्रे आत आहेत ना, ते पाहायचं. त्यासाठी समोर एक साधी कडी किंवा पट्टी पुरते.

प्लाय कोणता घ्यायचा?

प्लायची पूर्ण शीट ८ बाय ४ फुटांची, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर असते. वरच्या मापाच्या कपाटाच्या बाजू, तळ आणि माथा मिळून १८ मिलिमीटरच्या शीटचा साधारण तिसरा हिस्सा लागतो. म्हणजे एका शीटमध्ये दोन कपाटं आरामात निघतात. ट्रेसाठी १२ मिलिमीटर आणि पाठीसाठी ९ मिलिमीटर प्लाय वेगळा. पाठीची फळी वाचवू नये, कारण ढकलताना कपाट तिरकं होऊ न देण्याचं काम तीच करते.

साध्या प्लायवूडसाठी आयएस ३०३ हे भारतीय मानक आहे. त्यात एमआर आणि बीडब्ल्यूआर असे दोन प्रकार येतात. एमआर दमटपणा काही प्रमाणात सोसतो, बीडब्ल्यूआर त्याहून जास्त. मरीन प्लायसाठी आयएस ७१० हे वेगळं मानक आहे. मुंबई, कोकण, गोवा अशा दमट हवेत बीडब्ल्यूआर घेणं योग्य. कोरड्या भागात, बंद गाळ्यात एमआरही चालतो. पार्टिकल बोर्ड मात्र टाळावा. चाकांचे आणि चॅनेलचे स्क्रू त्यात वारंवारच्या धक्क्यांनी ढिले होतात. चाकं तर स्क्रूऐवजी आरपार नट-बोल्टनेच बसवावीत.

बॅटरी आणि पावसाळा

कॉर्डलेस मशीन्सच्या बॅटऱ्या बंद खणात चार्जिंगला लावू नयेत. चार्ज होताना लिथियम बॅटरी आणि चार्जर दोन्ही तापतात आणि बंद कपाटात, भुशाच्या शेजारी ती उष्णता बाहेर पडत नाही. चार्जर कपाटाच्या माथ्यावर, उघड्यावर असावा.

पावसाळ्यात उलटा त्रास होतो. बंद पेटीत ओल अडकली की ड्रिल बिट, रंध्याचं पातं, छिन्नी यांच्यावर गंज चढतो. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवणं आणि पात्यांना तेलाचा हलका हात देणं एवढ्याने बराच फरक पडतो.

मग घ्यायचं की बनवायचं?

सुटी हत्यारं जास्त आणि तेलाचं काम असेल तर तयार लोखंडी ट्रॉली घ्या. तिची किंमत पाहण्याआधी खण किती भार घेतो, एका वेळी किती खण उघडतात आणि चाकांचा व्यास किती, हे तीन प्रश्न विचारा.

पेट्या जास्त असतील आणि त्या वेगवेगळ्या मापाच्या असतील तर बनवून घ्या. खर्चाचा अंदाज काढताना फक्त प्लायचा भाव धरू नका. चॅनेलच्या जोड्या, चाकं, कटिंग, एज बँड आणि स्वतः बनवणार असाल तर बुडणारे दोन दिवस, हे सगळं मांडा. चॅनेल आणि चाकं मिळून प्लायपेक्षा महाग पडू शकतात. बचत करायचीच असेल तर ती लॅमिनेटमध्ये करा, चाकांमध्ये नको.

आणि दोन्हींची गरज नसेल तर तेही ठीकच. तीन-चारच पेट्या असतील आणि त्या आठवड्यातून एकदाच उघडत असतील, तर भिंतीला घट्ट बसवलेल्या दोन फळ्यांवर काम भागतं. चाकांचं कपाट कामाचं ठरतं ते पेटी रोज, पुन्हा पुन्हा उघडावी लागत असेल तेव्हा.